मोटर फिरते कुणाच्या घड्याळावर?

सीएनसी राउटर बांधताना मोटर आणि ड्रायव्हर चोखंदळपणे निवडले जातात. संगणकाशी जोडणी मात्र हाताशी असेल त्या केबलने होते. खरं तर काम बिनचूक होणार की नाही, हे ठरवण्यात या जोडणीचा मोठा वाटा असतो. म्हणून ही काही मजेदार माहिती.

सेकंदाला १६,००० पल्स! नेहमीची स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते, म्हणजे एका पावलाला १.८ अंश. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले आणि प्रत्येक भागाला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, धरला की फेरीला १,६०० पल्स झाले. स्क्रू फेरीला ५ मिमी सरकत असेल आणि वेग मिनिटाला ३ मीटर हवा असेल, तर सेकंदाला १६,००० पल्स लागतात. दोन पल्समधलं अंतर फक्त ६२.५ मायक्रोसेकंद!

प्रिंटरचं पोर्ट, मोटरच्या कामी. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेलं २५ पिनांचं पॅरलल पोर्ट होतं प्रिंटरसाठी. हौशी कारागिरांनी त्याच्या आठ डेटा पिनांवर चार मोटरी चालवल्या: प्रत्येकीला एक पिन पावलाची, एक दिशेची. पोर्टच्या पाच इनपुट पिनांवर लिमिट स्विच बसले. प्रोग्रामने आज्ञा दिली की पिनेवरचं व्होल्टेज लगेच बदलायचं, हेच त्याचं बळ.

यूएसबी वेगवान, पण वेळापत्रकाची. १९९६ ची यूएसबी सेकंदाला १.२ कोटी बिट वाहून न्यायची, पण एकेका मिलिसेकंदाच्या चौकटीत. तेवढ्या वेळात वरच्या हिशेबातले १६ पल्स होऊन जातात. एसटीत पन्नास माणसं मावतात, पण ती सुटते ठरल्या वेळीच, तसंच हे. म्हणूनच यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडून देणारी स्वस्त केबल प्रिंटरला चालते, थेट पल्स पाठवायला मात्र चालत नाही.

चुकलेलं पाऊल संगणकाला कळतच नाही. एन्कोडर नसलेली स्टेपर मोटर उलट निरोप देत नाही. पल्स उशिरा आले, मोटर अडखळली, तरी पडद्यावरचे आकडे बरोबरच दिसतात. चूक कळते ती लाकूड कापून झाल्यावर.

३२ केबीतला कारागीर. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोगस्रुड यांनी जीआरबीएल हे सॉफ्टवेअर लिहिलं. ते अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डाच्या ३२ केबी मेमरीत मावतं आणि सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देतं. संगणकाने फक्त जी-कोडच्या, म्हणजे कुठे आणि किती वेगाने सरकायचं ते सांगणाऱ्या, ओळी पाठवायच्या. पावलं मोजण्याचं काम बोर्डाचं. पुढच्या ओळी बोर्डाकडे आधीच जमा असल्याने यूएसबीचा उशीर इथे नडत नाही.

लांब पल्ल्याची जोडी. यूएसबी केबल साधारण ५ मीटरपर्यंतच भरवशाची. आरएस-४८५ मात्र कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत पोचते. ती दोन तारांमधला फरक वाचते; स्पिंडलचा नॉइज दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत बराचसा निघून जातो.

धावत्या गाडीत निरोप. २००३ मध्ये जर्मनीच्या बेकहॉफने इथरकॅट आणलं. त्यात डेटा प्रत्येक ड्राइव्हमधून न थांबता जातो. ड्राइव्ह आपला भाग उचलतो, आपलं उत्तर टाकतो आणि डेटा पुढे सरकतो. कित्येक मोटरी एका तालात फिरवायला हे उत्तम.

मग निवडायचं काय? आधी विचारा, पल्स कोण तयार करणार? संगणक करणार असेल, तर खरं पॅरलल पोर्ट आणि लिनक्ससीएनसीसारखी रिअल-टाइम व्यवस्था घ्या. बोर्ड करणार असेल, तर यूएसबी किंवा इथरनेट खुशाल घ्या. दोन्ही पर्यायांत ऑप्टोकपलर बसवा, म्हणजे मोटरकडचा विजेचा झटका मदरबोर्डपर्यंत पोचणार नाही. आणि इमर्जन्सी स्टॉप यांपैकी कशाच्याच भरवशावर ठेवू नका: त्या लाल बटणाने मोटरची वीज थेट तोडली पाहिजे, संगणक अडकलेला असला तरीही.