कवळाण्याच्या गोपाळरावाचा राजवाडा

मुंबईहून पहाटेची गाडी धरली, तर दुपारच्या जेवणाआधी बडोदा गाठता येतं. स्थानकापासून लक्ष्मीविलास राजवाडा रिक्षाने काही मिनिटांवर. फाटकातून आत शिरलं, की आधी झाडी लागते आणि मग अचानक सुमारे दीडशे मीटर लांबीची दर्शनी बाजू समोर येते. कुठे इस्लामी धाटणीचा घुमट, कुठे जैन देवळाची आठवण करून देणारं कोरीवकाम, कुठे युरोपातून उचललेली कमान. बांधकामात सोनगडचा पिवळसर दगड तर आहेच, शिवाय पुण्याकडचा काळानिळा दगडही आहे.

मराठी पाहुण्याच्या ओळखीचं इथे बरंच काही आहे. 1875मध्ये महाराणी जमनाबाईंनी बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेतलेला गोपाळराव हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा. तुला इथे कशाला आणलंय, या प्रश्नावर त्याने ‘राज्य करायला’ असं बेधडक सांगितल्याची आख्यायिका आहे. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे झाला. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती देणारा राजा म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. हा राजवाडा त्यांच्यासाठीच बांधला गेला.

आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आपलं गणित चुकलंय, या इमारती कोसळणार, या धास्तीने मँटला पछाडलं होतं असं सांगतात. 1881मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याने आयुष्य संपवलं असंही म्हणतात. उरलेलं काम रॉबर्ट चिझमने हाती घेऊन 1890मध्ये पूर्ण केलं. मँटचे बडोदा आणि कोल्हापूरचे दोन्ही वाडे आजही भक्कम उभे आहेत.

आत दरबार हॉलमध्ये पाऊल टाकताना नजर खाली जाते, कारण जमीन व्हेनिसच्या कारागिरांच्या मोझेकची आहे. मग ती वर खिडक्यांच्या रंगीत बेल्जियन काचांकडे वळते. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब मध्ये येत नाही. दरबारी गाण्यांच्या बैठका इथेच रंगायच्या. जिन्यापाशी आणि इतरत्र फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं दिसतात. आत फोटो काढायला मात्र मनाई आहे.

बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाची. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला माणूस. एकेकाळी हा परिसर सातशे एकरांच्या घरात होता. आता त्यात गोल्फचं मैदान आहे, मोर आहेत, झाडांवर वानरांची टोळकी आहेत. याच आवारातली नवलखी वाव मात्र राजवाड्याहून कितीतरी जुनी, पंधराव्या शतकातली. पायऱ्या-पायऱ्यांनी खोल जाणाऱ्या या विहिरीचं पाणी पुढे राजवाड्यासाठीही वापरलं गेलं.

आवारातलं महाराजा फतेहसिंह संग्रहालय मूळचं राजपुत्रांच्या शाळेचं. मुलांना ने-आण करायला इथे एक छोटी आगगाडीही धावत असे. आज लोक इथे येतात ते मुख्यतः राजा रविवर्म्यासाठी. सयाजीरावांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली होती. रविवर्म्याची मूळ चित्रं इतक्या जवळून पाहायची संधी फार ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे इथे निदान तासभर हाताशी ठेवावा.

परतीच्या वाटेवर विश्वामित्रीकाठची सयाजीबाग लागते. बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात. राजवाडा राजाचा, ही बाग मात्र 1879मध्ये लोकांसाठी तयार केलेली. प्रवेशद्वाराजवळच्या चौकात सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्यावरून चौकाला काळा घोडा हे नाव पडलं. संध्याकाळी भूक लागली, तर जवळपास सेव उसळ मागावी. मिसळ खाणाऱ्याला ती परकी वाटत नाही.

राजवाडा आणि फतेहसिंह संग्रहालय सोमवारी बंद असतात, तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी वार बघून घ्यावा.