घाटरस्त्यावरील फुलपाखरे

मे महिना लागला की बेळगावकरांच्या घरोघरी एकच प्रश्न असतो : सुट्टीत जावयाचे कोठे? कोणी गोव्यातील आजोळ गाठतो, कोणी कोकणातील आंब्याफणसांना जवळ करतो. गेल्या मे महिन्यात आम्हांलाही सोमवार ते बुधवार अशी तीन दिवसांची मोकळीक लाभली आणि आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी ती अचूक हेरली. हे गृहस्थ आयुष्यभर माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तो अद्याप खाली ठेवलेला नाही. सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणते; आम्हीही म्हणतो.

“फादर, दरवर्षी तुम्ही पुढच्या वर्षाचा वायदा करता,” सर म्हणाले. “यंदा तुमची मोटार आणि माझा कॅमेरा घेऊन निघूच या. चोर्ल्याने खाली उतरू, आंबोलीने वर चढू.”

बेत सुटसुटीत होता. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट उतरावयाचा. साखळी, डिचोली, दोडामार्ग, बांदा ह्या मार्गाने सावंतवाडी गाठावयाची. आणि आंबोली घाट चढून चंदगड-शिनोळीवरून घरी परतावयाचे. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र अशी तीन राज्ये तीन दिवसांत! सरांची अट एकच होती : पहाटे सहाच्या ठोक्याला निघावयाचे.

निघताना साडेआठ झाले. सकाळची मिस्सा आटोपली, तो शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचे दाखले हवे असलेली दोन कुटुंबे दारात उभी. सर मोटारीत बसून राहिले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांचे न बोलणेही आम्हांला ऐकू येत होते. गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढू, असे आम्ही मनाशी ठरविले. पुढे जे घडले त्याचे मूळ ह्याच निश्चयात होते.

जांबोटी मागे पडली की अरण्य आरंभते. डाव्या हाताला भीमगडचे रान आहे. २०११ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. पुढे घाटमाथा ओलांडला की गोव्याच्या बाजूस म्हादईचे अभयारण्य लागते. ते १९९९ साली स्थापन झाले असून त्याचे क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर आहे. ह्याच म्हादईच्या रानात २०२० च्या जानेवारीत चार वाघ मृतावस्थेत सापडले होते, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. सीमेच्या प्रश्नावर आम्ही माणसे पिढ्यान्पिढ्या वाद घालीत आलो. वाघ आणि फुलपाखरू मात्र न्याहारीपूर्वी तिन्ही राज्ये फिरून येतात.

वाटेत सरांचा तास सुरू झाला. “फुलपाखराचे रक्त आपल्यासारखे ऊबदार राहत नाही, फादर. रात्रभर ते गारठून पानाखाली बसलेले असते. सकाळी पंख पसरून उन्हात शेकते, अंगात ऊब आली की मगच उडते. म्हणून छायाचित्र घ्यायचे तर सकाळी. ते बसलेले असते, आणि आपणही बसलेले असावे. उभ्याने गेलात तर उडालेच समजा. आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये.”

“आणि आता?” आम्ही विचारले.

“आता दहा वाजत आले. आता ती ओलीवर उतरतील. जरा हळू घ्या.”

आम्ही ‘हो’ म्हणालो, पण पाय होता तेथेच राहिला. कणकुंबी ओलांडून काही अंतर गेल्यावर एका वळणावर डोंगराची कापलेली कड पाझरत होती आणि ते पाणी डांबरावर पसरले होते. त्या ओलीवर पांढरी फुले पडलेली दिसली. वर झाड कोणते आहे हे पाहण्याचीही सवड आम्ही घेतली नाही. मोटार त्यांवरून गेली, आणि त्याच क्षणी मागील आरशात ती फुले उडाली.

“थांबवा,” सर म्हणाले.

परत चालत गेलो. टायरच्या दोन पट्ट्यांत आम्ही मोजली ती सतरा होती. बहुतेक ‘अल्बट्रॉस’ नावाची पांढरी फुलपाखरे. दोन निळसर हिरव्या पट्ट्याची, ज्यांना ‘ब्लूबॉटल’ म्हणतात. आणि एक लांब शेपटीचे, काळ्या पट्ट्यांचे. काहींचे पंख अद्याप थरथरत होते. सरांनी एका रुंद पानावर जिवंत असलेली तीन उचलली आणि कडेच्या ओल्या मातीवर ठेवली. आम्ही म्हणालो, “सर, दिसलीच नाहीत हो. घाईत होतो.”

शब्द तोंडातून निघाले आणि आमचे आम्हीच चपापलो. ‘फादर, घाईत होतो’ हे वाक्य गेली वीस वर्षे आम्ही लोकांकडून ऐकत आलो आहोत, आणि त्यावर काय उत्तर द्यावयाचे हे आम्हांला चांगले पाठ आहे. ते उत्तर त्या वळणावर आम्हांला कोणी दिले नाही, म्हणूनच कदाचित ते अधिक लागले.

सरांनी रागावण्याऐवजी शिकविले. वाचकांसाठी ते थोडक्यात देतो. फुलपाखरे मातीवर उतरतात ती केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. अळी असताना ती पाने खाते आणि पुढे फुलांतील मध पिते. ह्या दोहोंतही मिठाचा, म्हणजे सोडियमचा, अंश फार थोडा असतो. ती उणीव फुलपाखरू ओल्या मातीतून, गुरांच्या मूत्राने भिजलेल्या जागेतून, कधी माणसाच्या घामातूनही भरून काढते. ओलीवर जमणारे बहुसंख्य नर असतात. हे मीठ ते स्वतःपुरते ठेवीत नाहीत. मीलनाच्या वेळी ते मादीला देतात, आणि तिच्याकडून ते अंड्यांत उतरते. “म्हणजे बघा, फादर,” सर म्हणाले, “ती इथे पुढच्या पिढीची शिदोरी बांधायला बसली होती.”

परंतु रस्त्यावरच का? ह्याचेही उत्तर त्या कड्यातच होते. रस्त्यासाठी डोंगर कापला की आतले झरे उघडे पडतात. मे महिन्यात ओढे आटलेले असताना, दाट रानात जे सहसा मिळत नाही ते, म्हणजे ऊन, ओल आणि खनिजे ही तिन्ही, घाटरस्त्याच्या कडेला एकत्र मिळतात. एक बसलेले दिसले की त्याला पाहून दुसरे उतरते, मग दहा, मग शंभर. जे मेजवानीचे ताट दिसते तोच सापळा असतो, आणि तो आपणच नकळत मांडलेला असतो.

हे बोलणे चालू असतानाच उडालेली फुलपाखरे परतू लागली, तीही नेमकी त्याच जागी, आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी. आणि खालून मालमोटारीचा आवाज आला. सर कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिले व त्यांनी हात वर केला. चालकाने मान बाहेर काढली.

“काय झालं ओ? दरड पडली काय?”

“फुलपाखरं बसलीत. जरा बाहेरच्या बाजूनं घ्या.”

चालक मनमुराद हसला. आम्हां दोघांकडे, पांढऱ्या केसांकडे आणि आमच्या गळ्यातील क्रुसाकडे त्याने आळीपाळीने पाहिले. पण त्याने मालमोटार बाहेरून घेतली. त्यामागून आलेल्या एका मोटारीने मात्र केवळ भोंगा वाजविला आणि आम्हांलाच बाजूला व्हावे लागले. असे दीड तास चालले. पुढे ढग आले, ऊन गेले आणि फुलपाखरे आपण होऊन उठून गेली. त्या दीड तासात सरांनी चार छायाचित्रेही घेतली नाहीत. आम्ही त्याबद्दल दिलगिरी दर्शविली, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही माणसांची वाहतूक सांभाळता, आज ह्यांची सांभाळलीत.”

पहिली रात्र साखळीजवळ एका परिचितांकडे काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मोटारीत प्रथम आम्ही बसलो होतो, हे नमूद करावयास हरकत नाही. त्याचे फळही मिळाले. दोडामार्ग सोडल्यावर एका ओढ्याच्या काठी, वाळूवर, ‘नीलवंत’ बसलेला दिसला. तळहाताएवढे मखमली काळे पंख आणि त्यांवर आकाशाचा तुकडा चिकटवावा तसा निळा रंग. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्यफुलपाखराचा मान दिला. सर पोटावर झोपले आणि कोपरांवर सरकत, अगदी शाळकरी मुलासारखे, पुढे गेले. पंचवीस पावलांचे अंतर कापण्यास त्यांना पंधरा मिनिटे लागली. नीलवंत हलला नाही. मग आम्हांला खूण झाली. आमच्या पोटाचा घेर लक्षात घेता आमचा प्रवास अधिक लांबला. तरी त्याची सोंड वाळूत रोवलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली.

नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाते. म्हणून तो कधीकधी आपल्या परसातही येतो. त्याहून मोठे ते ‘बर्डविंग’, काळ्यापिवळ्या पंखांचे, कर्नाटकाचे राज्यफुलपाखरू. त्यांतील एकाचे पंख १९३२ साली १९० मिलिमीटर भरले होते आणि तो विक्रम तब्बल ८८ वर्षे टिकला. २०२० साली हिमालयातील सोनेरी बर्डविंगने १९४ मिलिमीटर भरून तो मोडला. आमच्या वाट्याला बर्डविंग आले ते झाडांच्या शेंड्यांवरून, पक्ष्याच्या डौलाने, खाली न उतरता निघून गेले. “सगळेच खाली यायला हवे असे थोडेच आहे?” इतकेच सर म्हणाले.

पुढे एका वाडीतील मुलाने धनेशाची ढोली दाखविली. ह्या पक्ष्याची रीत वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच आत येईल एवढी फट तेवढी ठेवते. अंडी उबवून पिले थोडी मोठी होईपर्यंत तिचे सारे पोट नराने आणलेल्या फळांवर अवलंबून असते. नर परतला नाही, तर आतला संसार उपाशी राहतो. आम्ही ओळीने उभे राहून वाट पाहू लागलो. चोचीत फळ घेऊन नर आला, आम्हांला पाहून शेजारच्या झाडावर बसला, उठला, पुन्हा तेथेच बसला, ढोलीकडे येईना. सरांनी घड्याळ पाहिले आणि कॅमेरा पिशवीत घातला.

“एवढ्या लांब येऊन?” आम्ही विचारले.

“आत ताट वाढायचे थांबलेय, फादर. चला.”

आम्ही मोटारीपर्यंत पोचलो, तोच मागे पंखांचा जड आवाज झाला. वळून पाहिले तर नर ढोलीशी होता. छायाचित्र मिळाले नाही. पण त्याचे फळ पोचले.

सायंकाळी आंबोली घाट चढलो. वर पोचतो न पोचतो तोच वळवाचा पाऊस आला. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. हा त्याचा केवळ निरोप्या. पण तेवढ्यानेही रान जागे झाले. येथे उडते बेडूक आहेत. पावसाच्या आरंभी ते पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करतात आणि त्यातून पिले खालच्या पाण्यात टपकतात. डबक्याकडे निघालेल्या साऱ्या बेडकांची वाट मात्र डांबरावरूनच जात होती. आणि उन्हाने तापलेले डांबर अंधारात ऊब देते, म्हणून सापही त्यावर येऊन पडतात. मुक्काम दीड किलोमीटरवर होता. सर विजेरी घेऊन खाली उतरले आणि पावसात पुढे चालू लागले. आम्ही त्यांच्या मागून मोटार पायी चालणाऱ्याच्या गतीने नेली. पंचवीस मिनिटे लागली. चौदा बेडूक आणि एक हिरवा चापडा साप आपापल्या वाटेने पार झाले. ते आम्ही मोजले, कारण आदल्या दिवशीचा सतरा हा आकडा मनातून जात नव्हता.

बुधवारी चंदगडवरून घरी आलो. सरांनी नंतर छायाचित्रांच्या प्रती दिल्या. नीलवंत सुरेखच आला आहे. तो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि येणारेजाणारे त्याची वाखाणणी करतात. दुसरे एक छायाचित्र सरांनी न मागता दिले : ओल्या डांबरावर टायरच्या नक्षीत दबलेला एक पांढरा पंख. ते आम्ही मोटारीत, चालकाच्या समोर लावले आहे.

सुट्टीत ह्या वाटांनी जाणाऱ्या कुटुंबांना आमची एवढीच विनंती आहे. पहाटे निघा, म्हणजे घाई उरणार नाही. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान वळणावर ओल दिसली तर वेग कमी करा. पांढरी फुले दिसली तर वर झाड आहे का, ते पाहा. घरट्याजवळ कॅमेरा घेऊन थांबू नका. पहिल्या पावसाच्या रात्री घाटातून जाणे टळत असेल तर टाळा. टळत नसेल तर सावकाश जा. आणि मुलांना पुढे बसवा. त्यांची दृष्टी आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, आणि ‘थांबा’ म्हणावयास ती आपल्याइतकी संकोचत नाहीत.

येत्या मे महिन्यात आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत. दाखले ज्यांना हवे असतील त्यांनी ते आधीच्या शनिवारी घेऊन जावेत.