आप्तसंबंध, खोरे आणि विस्थापन : इरावती कर्वे यांचे संशोधन व भोर-वेल्हे

धरणामुळे उठणाऱ्या गावाची मोजदाद सामान्यतः एकर, घरे आणि रुपये यांत केली जाते. या मोजदादीत जे निसटते, ते म्हणजे त्या गावाचे आप्तसंबंध. त्यांचे महत्त्व समजून घेण्यासाठी प्रा. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांचे अध्यापन, संशोधन व लोकहिताची दृष्टी एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांचा अभ्यास केला. पुढे बर्लिन येथे कवट्यांच्या मापनावर संशोधन करून १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध जोडावा, अशी तेथील मार्गदर्शकांची अपेक्षा होती. परंतु मापनांतून तसा संबंध दिसत नाही, हेच त्यांनी नोंदविले. १९३९ साली डेक्कन कॉलेजची संशोधनसंस्था म्हणून पुनर्स्थापना झाली, आणि तेथे त्यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र यांचे अध्यापन केले. ग्रंथालय व क्षेत्रकार्य यांत भेद न मानणे, हे त्यांच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य होय.

त्यांच्या प्रतिपादनातील दोन सूत्रे येथे महत्त्वाची आहेत. एका मूळ जातीची शकले पडून पोटजाती झाल्या, हे प्रचलित मत त्यांना मान्य नव्हते. 'कुणबी' किंवा 'कुंभार' अशा एका नावाखाली निरनिराळे अंतर्विवाही गट एकत्र आलेले असतात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे सूत्र १९५३ च्या त्यांच्या आप्तसंबंधविषयक ग्रंथातील आहे. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ जातींत आढळते. आत्याची मुलगी मात्र बहुधा वर्ज्य. त्यामुळे त्याच त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहते, आणि लेक देण्याघेण्याचा प्रदेश सहसा मर्यादित राहतो.

या दोन सूत्रांचा व्यावहारिक अर्थ कोयनेच्या प्रश्नाकडे पाहताना स्पष्ट होतो. कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी करून इरावतीबाई व जाई निंबकर यांनी सिद्ध केलेला अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १९७६ मध्ये झाला. विस्थापित हा केवळ भरपाईचा हक्कदार नसून अभ्यासाचा व न्यायाचा विषय आहे, ही भूमिका विद्वत्तेच्या चौकटीतूनच अशी मांडली गेली.

कोयनेच्या उत्तरेस, त्याच सह्याद्रीच्या कुशीत, भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके आहेत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे ही येथील जुनी नावे नदीच्या खोऱ्यालाच समाजाचे एकक मानतात. याच खोऱ्यांत भाटघर, पानशेत, नीरा-देवघर ही धरणे झाली. पानशेत म्हटले की पुण्याला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. परंतु जलाशयाखाली गेलेल्या गावांची आठवण नगराच्या इतिहासात क्वचितच येते. खोऱ्यातील एक गाव दूरच्या सपाटीवर वसविले तर जमीन कदाचित मिळेल. मात्र सावड देणारा शेजारी, लग्नात उभा राहणारा मामा आणि कुलदैवताचे स्थान हे सर्व एकाच वेळी दूर जाते. एका गावाचे लोक अनेक ठिकाणी विखुरले, तर हानी कित्येक पटींनी वाढते. शिवाय खोऱ्यातील मराठा-कुणबी, महादेव कोळी, धनगर, कातकरी यांचे जमिनीशी असलेले नाते सारखे नसल्याने एकच नियम सर्वांना समान न्याय देऊ शकत नाही. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो मोजदादीतूनच वगळला जाण्याचा धोका असतो.

म्हणून या भागात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने घरांच्या संख्येबरोबर वंशावळी लिहून घ्याव्यात. स्थलांतरापूर्वी लेकी कोणत्या गावी दिल्या जात व आज कोठे दिल्या जातात, इर्जिकीला कोण येत असे व आता कोण येते, हे नोंदवावे. अशी नोंद झाल्यावाचून पुनर्वसन पुरे झाले की नाही, याचा निर्णय करता येणार नाही.