‘ग्रेप्’चे विकल्प आणि अभावाचें प्रमाण

मोडी कागदांचीं बालबोध लिप्यंतरें आतां पुष्कळ संग्राहकांच्या संगणकांत सांठत आहेत. त्यांतून एखादें नांव काढण्यास युनिक्स् व तिच्या वंशांतील प्रणालींत ‘ग्रेप्’ हें साधन मूळचेंच असतें. केन् थॉम्प्सन् यांनीं रचिलेलें हें साधन १९७३ सालीं युनिक्सच्या चवथ्या आवृत्तींत आलें. ‘अमुक नांव या दप्तरांत नाहीं’ असें विधान त्याच्या आधारें करणारानें त्याचे विकल्प आधीं समजून घेतले पाहिजेत.

विकल्प म्हणजे आज्ञेंत साधनाच्या नांवापुढें आडव्या रेघेसह लिहिलेलें रोमन अक्षर. लहान ‘एन्’ दिल्यास सांपडलेल्या ओळीचा क्रमांक मिळतो. लहान ‘आर्’ दिल्यास फोल्डरच्या पोटांतील फोल्डरही पाहिले जातात. लहान ‘सी’ दिल्यास जुळलेल्या ओळींची संख्या येते, शब्दांची नव्हे. लहान ‘ई’ पुनःपुन्हां देतां येतो. म्हणून शिवाजी, सिवाजी, शीवाजी, सीवाजी हे चारही पाठ एकाच आज्ञेंत शोधतां येतात. मात्र हें साधन एकेक ओळ स्वतंत्रपणें पाहतें. मुळाबरहुकूम उतरतांना नांव दोन ओळींत तुटलें असल्यास कोणताही पाठ जुळत नाहीं.

विकल्प प्रत्येक वेळीं लिहितां येतात किंवा एकदांच कायमचे नेमतां येतात. दुसरी सोय ग्नू प्रकल्पाच्या ग्रेपांत ‘ग्रेप्_ऑप्शन्स्’ या चलानें होती. तिच्यामुळें आज्ञा तीच दिसे, पण उत्तर बदले. २०१४ सालीं ती त्याज्य ठरली व २०२० सालच्या ३.६ आवृत्तीपासून निष्फळ झाली. तिच्या जागीं टोपणनांव, म्हणजे ‘एलिअस्’, बांधतां येतें; पण न लिहिलेला विकल्प येथेंही लागू राहतोच. पाणिनीच्या सूत्रांत वरील पदाची अनुवृत्ति खालीं न लिहितां चालते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें अनुवृत्ति सांगणारे वृत्तिकार आहेत. येथें कोणी नाहीं.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आहे. उसन्या संगणकावर एक नांव शोधिलें, तों एकही ओळ आली नाहीं. अभावाचें टिपणही लिहून झालें. पुढें तींच पत्रें वाचतांना तें नांव समोर आलें! त्या फाइलींत कोठून तरी एक शून्य बाइट शिरली होती. अशी फाइल साधन ‘बायनरी’ समजतें, तरी एरवीं ‘बायनरी फाइल जुळते’ अशी सूचना देतें. पण त्या संगणकावरील टोपणनांवांत मोठा ‘आय्’ हा विकल्प दडला होता. त्याच्या योगें अशी फाइल न जुळणारी धरली जाते व सूचनाही मिळत नाहीं.

यास्तव नांवापूर्वीं ‘कमांड्’ हा शब्द लिहून मूळ साधनच चालवावें, म्हणजे टोपणनांव वगळलें जातें. हवे ते विकल्प उघड लिहावे आणि पूर्ण आज्ञा निष्कर्षाशेजारीं नोंदवावी. पोथीचा पाठ देतांना आपण प्रत सांगतों. अभाव सांगतांना शोधाची रीतही सांगितलीच पाहिजे.