कर्णाचा पश्चात्ताप कुणी नेला?

१९८८ ते १९९० या काळात रविवारची सकाळ आमच्या मोहल्ल्यात सगळीकडे एकसारखीच उजाडायची. बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले, की ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग. आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी आणि अम्मी शेजारच्या काकूंकडे जायचो. मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. पडद्यावर कर्ण आला की अम्मीच्या हातातला अडकित्ता थांबायचा. "बेचारेकी क्या गलती?" ती काकूंना विचारायची आणि काकू पदराने डोळे टिपायच्या.

त्या मालिकेची पटकथा आणि संवाद राही मासूम रझांचे. गाझीपूरचा माणूस, 'आधा गाव'चा लेखक. मुसलमानाने महाभारत लिहावे हे काहींना रुचले नव्हते. प्रेक्षकांनी ती कुरकुर केव्हाच निकालात काढली. मला राहीसाहेबांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो. म्हणून ही तक्रार जरा जड जिभेनेच करतो आहे. अम्मीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मूळ ग्रंथात आहे. पडद्यावर ते पुसट झाले.

द्रौपदीचे स्वयंवर आठवा. कर्ण धनुष्याला हात घालतो आणि द्रौपदी त्याला अडवते, सूतपुत्राला वरणार नाही म्हणते. हा प्रसंग मालिकेने काही पदरचा घातलेला नाही. महाभारताच्या अनेक हस्तलिखितांत तो आहे. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक खपून, १,२५९ हस्तलिखिते पाहून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत संपादकांनी हा प्रसंग घेतलेला नाही. तिथे कर्ण, शल्य अशा नामांकित वीरांनाही धनुष्य वाकवता आले नाही एवढेच कळते. अपमान नाही, नकार नाही. इतरांसारखाच एक पराभव.

मग द्यूतसभा. एकटा विकर्ण, कौरवांतलाच एक भाऊ, उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला उत्तर द्यायला उभा राहतो कर्ण. पोराला फार अक्कल आली म्हणून त्याला गप्प करतो, द्रौपदीला कुलटा म्हणतो आणि दुःशासनाला सांगतो, पांडवांची आणि हिचीही वस्त्रे काढून घे. ही आज्ञा मूळ ग्रंथात कर्णाच्या तोंडची आहे. मालिकेनेही त्याच्या तोंडी विषारी शब्द दिलेत, नाही असे नाही. पण प्रेक्षकाच्या मनात राहतात ते दुर्योधनाची मांडी आणि दुःशासनाचे हात. शिवाय स्वयंवरातला नकार आपण आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे कर्ण बोलू लागला की आपण मनाशी म्हणतो, दुखावलेला आहे बिचारा. म्हणजे त्याच्या पापाचा निम्मा वाटा अलगद द्रौपदीच्या ओटीत पडतो. "तिनेच आधी जिव्हारी लागेल असे बोलायला नको होते," हे वाक्य मी नंतर किती लग्नघरांत, किती पारांवर ऐकले असेल! भर सभेत ओढून आणलेल्या बाईबद्दल.

मालिकेची गरजही समजते. आठवड्याने पुन्हा भेटणाऱ्या माणसाच्या वागण्याला ठसठशीत कारण लागते, आणि अपमान-सूड ही जोडी प्रेक्षकाला चटकन लक्षात राहते. मराठी वाचकाला तर सहानुभूतीचा कर्ण आधीच ओळखीचा होता. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ सालचे. त्याच सुमाराला इरावतीबाई कर्व्यांच्या 'युगान्त'ने कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिले होते, पण गर्दी 'मृत्युंजय'कडे झाली. तरी कादंबरीत एक सोय असते. तिथे कर्ण स्वतःच बोलतो, आणि आपली बाजू मांडणाऱ्याचे ऐकताना वाचक थोडा सावध राहतो. मालिकेत निवेदक खुद्द काळ. काळानेच गहिवरून सांगितल्यावर उलटतपासणी कोण घेणार?

२०१५ साली आलेल्या मालिकेचे तर नावच 'सूर्यपुत्र कर्ण'. आयुष्यभर ज्याला जग सूतपुत्र म्हणत आले, त्याला शीर्षकातच न्याय!

माझ्या मते या सगळ्यात कर्णाचेच नुकसान झाले. ते कळायला उद्योगपर्वातली एक भेट वाचावी लागते. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि त्याचा जन्म सांगतो. तू थोरला पांडव, राज्य तुझे, भाऊ तुझे पाय धरतील, सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल. कर्ण म्हणतो, मला हे ठाऊक आहे. पण अधिरथाने मला उचलून घरी आणले, राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला. अख्खी पृथ्वी दिली तरी ते नाते मी खोटे करणार नाही. हे युधिष्ठिराला सांगू नकोस, तो राज्य माझ्या हवाली करील आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपला पक्ष हरणार हेही त्याला दिसते आहे.

आणि याच बोलण्यात तो कबूल करतो की पांडवांना मी कडवट बोललो ते दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून, आणि त्याचा मला आज ताप होतो आहे. पाहा, कारण तो स्वतः सांगतो. स्वयंवराचे नाव नाही, सुडाचे नाव नाही. मित्राची मर्जी राखायला बोललो, एवढेच. किती साधे आणि किती लाजिरवाणे कारण! आपल्यातल्या पुष्कळांना ते कचेरीतून, घरातून ओळखीचे असेल. (द्रौपदीचे नाव मात्र तो तेव्हाही घेत नाही. ही उणीव मला अजून टोचते.) आता त्या सभेतल्या शब्दांना अपमानाचे कारण जोडून दिले, तर या कबुलीत उरते काय? ज्याचा दोषच आपण माफ करून टाकला, त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा?

२०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली. या खेपेला मी घरच्या टीव्हीवर पाहिली, शेजारी उद्योगपर्व उघडे ठेवून. त्या भेटीच्या शेवटी कर्ण कृष्णाला घट्ट मिठी मारतो, त्याच्या रथातून उतरतो, स्वतःच्या सोन्याने मढवलेल्या रथात बसतो आणि खिन्न मनाने परत फिरतो. हे धृतराष्ट्राला संजय सांगतो आहे. कर्णाचा जन्म नुकताच उघड झालेला आहे, तरीही त्या ओळीत संजय त्याला राधेयच म्हणतो.