इतवारी स्टेशन आणि आपली छोटी गाडी

श्रोतेहो, पवनीकडच्या जुन्या माणसाला नागपूरच्या मोठ्या स्टेशनापेक्षा इतवारी अधिक ओळखीचे. पवनी रोडला छोट्या गाडीत बसावे अन् इतवारीला उतरावे, की बाजार जवळच!

या स्टेशनाचे वैशिष्ट्य दोन रुळांमधल्या अंतरात आहे. हावड्याकडच्या मार्गावर ते १६७६ मिलिमीटर. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ साली सुरू केलेल्या नागभीड मार्गावर अवघे ७६२. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणार कसा? म्हणून पोते असो की माणूस, पुढे जायचे तर गाडी बदलणे आलेच. त्या चढउताराची मजुरी आणि वेळ शेवटी मालावरच पडायचा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मार्ग रुंद करण्यासाठी छोटी गाडी बंद झाली. स्टेशनाच्या नावातही आता नेताजी सुभाषचंद्र बोस आले. रूळ रुंद झाले, की चढउतार वाचतो, हे खरेच. पण छोटी गाडी लहान गावांनाही थांबायची.

गुरुजींनी वर्गात ७६२ मिलिमीटर मोजून दाखवावेत. एवढ्याशा वाटेने आपला मुलूख शंभरावर वर्षे शहराशी जोडलेला होता. मोठी गाडी वेगाने धावेल. पण ती आपल्या गावी थांबेल ना, एवढे मात्र आपण विचारत राहिले पाहिजे.