खेळ शिकवणाऱ्यांची पारख



शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की गावोगाव मैदानं जागी होतात. कबड्डीचा संघ निवडायचा असतो, खो-खोच्या मुलींचा सराव घ्यायचा असतो. शाळेत क्रीडाशिक्षक असतोच असं नाही. मग गावातला एखादा जुना खेळाडू पुढे येतो आणि संध्याकाळचे दोन तास मुलांसाठी देतो. कुणी थोडं मानधन घेतो, कुणी निव्वळ हौसेनं करतो. आपल्या खेड्यापाड्यातले खेळ अशा माणसांनीच जगवले आहेत, हे आधी सांगितलं पाहिजे. पण ज्याच्या हवाली आपण पोरं करतो, त्याची चौकशी आपण करतो का? आणि मुलांशी कसं वागावं, कसं वागू नये, हे त्याला कुणी कधी शिकवलेलं असतं का?

अशी चौकशी म्हणजे त्या माणसाचा अपमान, असं आपल्याकडे समजतात. बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. सोयरीक जुळवायची तर पाहुण्यांच्या गावात चार घरी विचारून येतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र ‘सर आपलेच आहेत’ एवढ्यावर भागतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बाल-अत्याचारांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, असं तीत आढळलं. तेव्हा ‘आपलेच’ असणं हा काही पुरावा होत नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहू. १८ वर्षांखालच्या मुलांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ सालचा. मुलगी असो वा मुलगा, तो दोघांनाही सारखाच लागू आहे. (तालमीत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे जरूर ध्यानात घ्यावं, मुलाला कसली भीती, असं समजण्याची चूक फार होते.) या कायद्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यांत शाळा आणि पाळणाघरांच्या जोडीला क्रीडा अकादम्यांचंही नाव स्पष्ट घातलेलं आहे. मुलांशी संबंध येणारा कर्मचारी कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडलोट करणारा, त्याची पोलिसांकडून पडताळणी झाली पाहिजे. ती ठरावीक काळानं पुन्हा व्हायला हवी, आणि या सर्वांना मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही वरचेवर द्यायला हवं.

नियमात शब्द ‘कर्मचारी’ असा आहे. मग हौशी प्रशिक्षक त्यात बसतो की नाही, असा काथ्याकूट करत बसू नये. ज्याला मैदानाची किल्ली दिली, त्याचा कागद मागावा. मागायचा तो सरसकट सगळ्यांचा. मुख्याध्यापकांनी आधी स्वतःचा आणून फाइलला लावला, की इतरांना राग यायचं कारण उरत नाही. आपल्या राज्यात चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज ज्याचा त्यानं करायचा असतो आणि तो ऑनलाइन भरता येतो. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची एक राष्ट्रीय नोंदही ठेवली जाते, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला पाहता येते. म्हणून शाळेनं आपल्या परीनं चौकशी केली तरी पोलिसांकडून होणारी पडताळणी टळत नाही.

आता खरी गोम इथं आहे. पोलिसांच्या दप्तरात जे नोंदलेलं आहे, तेवढंच तो कागद सांगतो. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा कागद कोराच निघणार. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर हा नावाजलेला माणूस. उपचाराच्या नावाखाली त्यानं वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. काही मुलींनी मोठ्यांना सांगितलंही होतं, पण डॉक्टर असं करणार नाहीत, तुझाच काही गैरसमज झाला असेल, अशी उत्तरं मिळाली. जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली, तेव्हा दीडशेहून अधिक जणींची निवेदनं न्यायालयापुढे आली. पुढच्याच महिन्यात तिथं कायदा झाला. खेळाडू मुलांमध्ये वावरणाऱ्या मोठ्यांना प्रशिक्षण द्यायचं, संशय आला तर २४ तासांत कळवायचं आणि मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहण्याचे प्रसंग कमी करायचे, असं त्यात आलं.

हे शेवटचं कलम आपल्या गावाला लगेच उचलता येईल, त्याला पैसा लागत नाही. सराव उघड्यावर, चार लोकांना दिसेल असा घ्यावा. मुलाशी एकट्यानं बोलायचं झालं तर बोलावं, पण दार लावून नव्हे. मालिश, दुखऱ्या पायाला पट्टी बांधणं, कपडे बदलण्याची खोली, इथं दुसरा मोठा माणूस जवळपास हवा. मल्लखांबात आणि कुस्तीत अंगाला हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही, हे खरं. म्हणून तर प्रशिक्षण हवं: कुठं आणि कशासाठी धरणार हे मुलाला आधी सांगायचं, इतरांच्या देखत धरायचं आणि मुलानं नको म्हटलं तर थांबायचं. बाहेरगावी संघ नेताना मुलींबरोबर शिक्षिका किंवा एखादी आई असावी. रात्री मुलांच्या खोलीत प्रशिक्षकानं झोपू नये. एकट्या मुलाला मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नये आणि रात्री फोनवर खाजगी निरोप धाडू नयेत. चांगल्या प्रशिक्षकालाही याचा फायदाच आहे, कारण त्याच्यावर उगाच बालंट यायचं भय राहत नाही.

मुलं गप्प का बसतात, याचाही विचार करा. संघात कोण खेळणार हे ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध मूल कसं बोलेल? जिल्ह्याला जायची संधी हुकेल, आई सराव बंद करील, ही भीती त्याला असते. एरवी मैदानावर पळत जाणारं पोर अचानक पोट दुखतं म्हणू लागलं, एकाच सरांचं नाव निघताच कावरंबावरं झालं, तर त्याला रागावू नका. शांतपणे ऐका, आणि ‘तुझं काही चुकलं नाही’ असं सांगा.

त्यानंतर मात्र गावकीत बसून मिटवायचं नाही. अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थेच्या प्रमुखानं दडवलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शुद्ध हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या म्हणून पुष्कळ आईबाप कचरतात. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा आणि त्या वेळी गणवेश अंगावर नसावा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलाचं नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. कुणाकडं जावं ते सुचलं नाही तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतःही तो करू शकतं.